टीव्हीवरच्या विक्कन घरात पोरांना कंटाळा का येत नाही?

अमेरिकन टीव्हीने विक्कन कुटुंबांना भरभरून दिलंय. बोलणारं मांजर, माळ्यावरचा जाडजूड ग्रंथ, आठवड्याला एक राक्षस. धर्म तेवढा दिला नाही. जादू एवढ्या सढळ हाताने वाटतात ती धर्म दाखवायची वेळ येऊ नये म्हणूनच, असा माझा जुना संशय आहे.

विक्का, म्हणजे चेटूक मानणारा आधुनिक धर्म, हे प्रकरण ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि जेराल्ड गार्डनर या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने १९५४ मध्ये आपल्या पंथाबद्दल उघडपणे पुस्तक लिहिलं. एक देवी, एक शिंगवाला देव, पौर्णिमेची पूजा, ऋतुचक्राचे आठ सण. सैतान यात कुठेही नाही, तो ख्रिस्ती धर्मातला. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समधल्या सुमारे १३ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'विक्का' लिहिलं. तेही घरभाडं भरतात, पोरांना शाळेत सोडतात.

'चार्म्ड' (१९९८–२००६) मी भक्तिभावाने पाहिलेली आहे, त्यामुळे तिच्यावर बोलायचा मला हक्क आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चेटकिणी हॅलिवेल बहिणी. लेखकांनी विक्कातून पोतंभर सामान उचललं. मंत्रांच्या ग्रंथाचं 'बुक ऑफ शॅडोज' हे नाव गार्डनरच्या परंपरेतलं, 'ब्लेसेड बी' हे त्यांचं अभिवादन, लग्नात जोडप्याचे हात बांधायचा विधीही तिथलाच. पाचव्या सीझनमध्ये तर त्यांतल्या पायपरच्या बाळाचं विक्कनिंग आहे. हे साधारण आपल्या बारशासारखं. बाळाला देवी-देवापुढे आणायचं, आशीर्वाद मागायचे. पण त्याने त्या बाळावर धर्माचा शिक्का बसत नाही. मोठं झाल्यावर काय मानायचं ते त्याचं त्याने ठरवावं, असं बहुतेक विक्कन आईबाप सांगतात, आणि मला ही गोष्ट फार आवडते. आई असलेल्या कुठल्याही लेखिकेला यावर अख्खा भाग लिहिता आला असता. आजीला काय वाटतं, शेजारी काय म्हणतील, बाबांचं मत काय. मालिकेने काय केलं? मेलेल्या आजीला मंत्राने बोलावलं आणि मागोमाग तिचा जुना प्रियकर आणला, आत्म्यांवर जगणारा नेक्रोमॅन्सर. झालं, बारसं राहिलं बाजूला.

'बिविच्ड'ला (१९६४–१९७२) मात्र मी सूट देते. चेटकीण बायको आणि साधा माणूस नवरा, असा तो संसार; तिथे धर्माचा आव कुणी आणलाच नाही. सासूने जावयाचं नाव वर्षानुवर्षं मुद्दाम चुकीचं घ्यायचं, हा विनोद तर आपल्याकडेही चालेल. पण गंमत बघा, दोन वेगळ्या श्रद्धांच्या संसाराचं सगळ्यात खरं चित्र त्याच मालिकेत सापडतं. नवरा बायकोला सांगतो, तुझं ते सगळं घरात चालणार नाही. ती कबूल होते, आणि मग मुलगी आईवर जाते.

२०१८ ची नेटफ्लिक्सवरची सब्रिना, म्हणजे शाळकरी चेटकिणीची मालिका, हे दुसरं टोक. सोळाव्या वाढदिवसाला सैतानाच्या वहीत सही करायची. चर्च, बाप्तिस्मा, सगळं ख्रिस्ती कर्मकांडच, फक्त उलटं टांगलेलं. त्यातल्या बाफोमेटच्या, म्हणजे बोकडाच्या डोक्याच्या सैतानी मूर्तीच्या, पुतळ्यावरून 'द सॅटॅनिक टेंपल' या संस्थेने दावा ठोकला, आमच्या पुतळ्याची नक्कल केली म्हणून, आणि त्याच महिन्यात तडजोडही झाली. सैतानवाल्यांकडे निदान पुतळा होता. बदनामी झालेल्या विक्कन लोकांनी कशाच्या जोरावर कोर्टात जायचं?

रिअॅलिटी शोची तऱ्हा आणखी वेगळी. २००५ मध्ये फॉक्सवर 'ट्रेडिंग स्पाउसेस'मध्ये लुइझियानाची एक कट्टर ख्रिस्ती बाई मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरात राहायला पाठवली. ते घर विक्कनसुद्धा नव्हतं. ज्योतिष आणि तसल्या न्यू एज गोष्टींची आवड, एवढंच. बाई परतल्या त्या किंचाळतच. तो तुकडा आजही मीम म्हणून फिरतो. ज्योतिष, अतींद्रिय शक्ती, सगळं एकजात अंधाराच्या बाजूचं! त्या हिशोबाने भिंतीवर कालनिर्णय टांगणारं प्रत्येक घर गेलं कामातून. पण हसून झाल्यावर विचार करा, अशा कार्यक्रमात घरं निवडतात तीच भडका उडावा म्हणून. त्यात वेगळ्या श्रद्धेच्या घराला काम एकच, काडी व्हायचं.

बातम्यांत बरं चित्र असेल म्हणावं, तर २०१३ मध्ये फॉक्सवरच टकर कार्लसन या निवेदकाने विक्कन लोकांची टर उडवली. निमित्त काय, तर मिसुरी विद्यापीठाच्या यादीत त्यांचे सण होते. नंतर माफी मागितली, हेही सांगायला हवं.

आता कुणीतरी लिहिणारच, "अगं, करमणूक आहे, एवढं काय मनावर घेतेस?" त्यांना इंडियानाची गोष्ट सांगते. २००४ मध्ये तिथे एका जोडप्याचा घटस्फोट झाला. दोघंही विक्कन. मुलगा लहान, कॅथलिक शाळेत जाणारा. त्याला विक्का शिकवण्यावरून आईबापांत काहीही वाद नव्हता. तरी न्यायाधीशांनी हुकूमनाम्यात घातलं की त्याला मुख्य प्रवाहाबाहेरच्या श्रद्धा आणि विधींपासून लांब ठेवा. २००५ मध्ये वरच्या कोर्टाने ती अट काढून टाकली. याचा ठपका मी कुठल्या मालिकेवर ठेवत नाहीये. पण विक्कन घर म्हणजे धोका, हे चित्र वर्षानुवर्षं रंगवणाऱ्यांत टीव्ही नव्हता, असं कोण म्हणेल?

किंवा सार्जंट पॅट्रिक स्ट्युअर्टचं घर घ्या (स्टार ट्रेकवाले नव्हेत). नेवाडा नॅशनल गार्डचा हा विक्कन सैनिक सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडलं गेल्यावर मारला गेला. सरकारी स्मृतिफलकावर धर्माचं चिन्ह कोरून मिळतं, नास्तिकांनासुद्धा. पेंटॅकल, म्हणजे वर्तुळातला पंचकोनी तारा, तेवढा यादीत नव्हता. त्याची बायको रॉबर्टा भांडत राहिली, इतर विक्कन कुटुंबं आणि संस्था सोबत आल्या, खटला झाला आणि एप्रिल २००७ मध्ये सरकार नमलं. यात नाट्य कमी आहे का? एक विधवा, एक सरकारी खातं आणि एक रिकामी जागा. एवढ्यावर आठ भागांची मालिका सहज उभी राहील.

आणि हे टीव्हीला जमत नाही असंही नाही. भारतीय वंशाच्या मिंडी कॅलिंगच्या 'नेव्हर हॅव आय एव्हर'मध्ये (२०२०) शाळेच्या हॉलमध्ये गणेशपूजा होते. तिथे मावश्या कुजबुजतात आणि साडी नेसलेल्या देवी नावाच्या नायिकेला आपण नेमक्या कुठल्या, असा प्रश्न पडलेला असतो. गणपती तिथे कुणाच्या बोटांतून वीज सोडत नाही. आत बसलेल्या माणसाने लिहिलं की असं होतं. मला विक्कन घरातलं हेच बघायचंय: साउइनच्या, म्हणजे मेलेल्यांची आठवण काढायच्या सणाच्या, रात्री आई मेलेल्या पणजीचं नाव घेतेय आणि धाकटा विचारतोय, जेवायला कधी बसायचं?

तोवर आहे ते हे. २०२४ च्या मार्व्हलच्या 'अॅगाथा ऑल अलाँग' मालिकेतल्या विल्यम कॅप्लन या पोराचं घर किती मायेने दाखवलंय! आईबाप, रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू, बार मिट्झ्वाचा म्हणजे मुलगा वयात आल्याचा सोहळा, सगळं खरं वाटतं. घर ज्यू, सोहळा ज्यू. आणि मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये या पोराचं सुपरहिरो म्हणून नाव आहे 'विक्कन'.