कार्व्हर यांना नेतृत्व कुणी शिकवलं होतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या कॉलेजांमधल्या तरुण विज्ञान प्राध्यापकांना नेतृत्वाचं रीतसर शिक्षण मिळायला हवं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, आणि तुम्ही स्वतः आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेलं, म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय संपवावासा वाटला नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अलाबामातल्या टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी टाकाऊ बाटल्या-डबे गोळा करून प्रयोगशाळा उभी केली, त्यांना कुठल्या कार्यशाळेला जावं लागलं नाही. नेतृत्व मुळात अंगात असावं लागतं. या कॉलेजांची खरी अडचण पैशाची आहे आणि ती झाकायला असली शिबिरं काढली जातात. आणि शेवटी, हा प्राध्यापक आठवडाभर शिबिराला गेला तर त्याचे तास कोण घेणार?

कार्व्हर यांच्यापासूनच सुरुवात करते. मराठी घरांत त्यांच्याविषयी जी माया आहे ती माझ्याही मनात आहे. पण टस्कीगीतली त्यांची पहिली वीसेक वर्षं नीट पाहिली तर ती माझ्याच बाजूने बोलतात. संस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते 1896 मध्ये आयोवाहून कृषी विभागाचे प्रमुख म्हणून आले. त्यांच्या गळ्यात काय काय पडलं? वर्ग घ्यायचे, प्रयोगशेती सांभाळायची, संस्थेची शेती बघायची, समित्यांवर बसायचं, वर कोंबड्यांचा खुराडाही त्यांच्याकडेच. 1904 मध्ये संस्थेच्याच एका समितीने ठपका ठेवला की कार्व्हर यांनी कुक्कुटपालनाच्या अहवालात आकडे फुगवून दिलेत. 1910 मध्ये कृषी शिक्षणाची फेररचना झाली तेव्हा त्यांनी राजीनामा लिहून दिला. शिकवण्याच्या कामाच्या वाटपावरून 1912 मध्ये पुन्हा राजीनाम्याची भाषा झाली. सांगितलेली पिकं प्रयोगशेतीत लावली नाहीत, अशी वॉशिंग्टन यांचीही तक्रार होतीच.

दोघेही थोर, दोघांच्याही तक्रारीत तथ्य. पण आयोवाच्या कृषी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेल्या या माणसाला खुराड्याचं काम कसं नाकारायचं, प्रयोगशाळेचा शब्द लेखी कसा घ्यायचा, वरिष्ठांशी भांडण राजीनाम्यापर्यंत न नेता कसं मिटवायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं. 1915 मध्ये वॉशिंग्टन गेले. नंतरच्या प्रमुखांनी कार्व्हर यांच्यावरचा प्रशासनाचा भार बराच कमी केला, आणि आपण ज्या कार्व्हर यांना ओळखतो, 1921 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे भुईमुगावर बोलणारे, ते त्यानंतरचे. बाटल्यांची प्रयोगशाळा मलाही प्रिय आहे, सर. पण एवढ्या गुणी माणसाला बाटल्या गोळा कराव्या लागल्या याचं मला वाईटही वाटतं, आणि त्यातून आजच्या तरुण प्राध्यापकाने तसंच निभावून न्यावं असा निष्कर्ष काढणं मला पटत नाही.

आणखी एक माणूस सांगते, ज्यांचं नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही. एडवर्ड बूशे. 1876 मध्ये येल विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पीएच.डी. मिळवणारे, अमेरिकेतले पहिले कृष्णवर्णीय डॉक्टरेट. त्यांना कुठल्या विद्यापीठाने दारात उभं केलं नाही. फिलाडेल्फियातल्या, कृष्णवर्णीय मुलांसाठी काढलेल्या एका संस्थेत (आजच्या चेनी विद्यापीठाचं ते पूर्वरूप) त्यांनी 26 वर्षं विज्ञान शिकवलं. 1902 मध्ये संचालक मंडळाने ठरवलं की आता इथे औद्योगिक शिक्षण द्यायचं, आणि बूशे यांच्यासह शिक्षकवर्गाला घरी पाठवलं. विज्ञान शिकवायचं की बंद करायचं हे ज्या टेबलावर ठरलं, तिथे विज्ञान शिकवणाऱ्याला खुर्ची नव्हती. मी नेतृत्व म्हणते ते या खुर्चीबद्दल. व्यासपीठावर छान बोलता येणं, पदाची पाटी मिळणं, यात मला रस नाही. तुमच्या लेखनात या दोन गोष्टी एकत्र झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

नेतृत्व अंगातच असावं लागतं, हा तुमचा दुसरा मुद्दा. नॅशव्हिलच्या फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग बघा. अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या वर्णपटावर मिशिगन विद्यापीठात 1918 मध्ये पीएच.डी. केलेले एल्मर आइम्स 1930 मध्ये तिथे विभागप्रमुख झाले. त्यांचा विद्यार्थी जेम्स लॉसन. आइम्स यांनी त्याला मिशिगनलाच पाठवलं, तो डॉक्टरेट घेऊन आला, पुढे फिस्कमध्येच अवरक्त वर्णपटाचं उपकरण आलं, आणि 1950 पासून तिथे उन्हाळी वर्ग सुरू झाले. इतर कॉलेजांचे आणि कारखान्यांचे लोक ते तंत्र शिकायला नॅशव्हिलला येऊ लागले. हेच लॉसन 1960 च्या दशकात फिस्कचे अध्यक्ष झाले. याला नुसतं अंगभूत म्हणता येणार नाही. कुणीतरी हेरलं, पाठवलं, परत आणलं, जबाबदारी दिली.

स्पेलमनची गोष्ट तर मला त्याहून जवळची वाटते. शर्ली मॅकबे यांनी जॉर्जिया विद्यापीठातून 1966 मध्ये गणितात पीएच.डी. घेतली, त्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती त्या. स्पेलमन हे कृष्णवर्णीय मुलींचं कॉलेज, तिथे विज्ञानाचं बस्तान त्यांनी 1970 च्या दशकात बसवलं. नुसते चांगले वर्ग घेऊन ते होण्यासारखं नव्हतं. प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी कॉलेज सुरू होण्याआधीच उन्हाळी विज्ञानवर्ग, त्यासाठी निधी, त्यासाठी प्रस्ताव, नव्या नेमणुका, हे सगळं उभं करावं लागलं. नंतर विज्ञान शाखेची धुरा गणितज्ञ एटा फाल्कनर यांनी घेतली आणि 1990 पर्यंत सांभाळली. विज्ञानात पुढे पीएच.डी. करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलींची पहिली पदवी कुठली हे बघायला गेलं तर स्पेलमनचं नाव आज अगदी वर असतं. मॅकबे पुढे एमआयटीत डीन झाल्या आणि 1990 मध्ये त्यांनी अल्पसंख्याकांच्या शिक्षणासाठी जी संस्था काढली, तिने याच कॉलेजांमधल्या प्राध्यापकांसाठी संशोधन प्रस्ताव लिहिण्याच्या कार्यशाळा घेतल्या. स्वतः धडपडून शिकलेल्या बाईंनी पुढच्यांना ते रीतसर शिकवायची सोय केली. त्यांनाच त्याची गरज वाटली, तर आपण नको म्हणणारे कोण?

आता पैसा. इथे मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत आहे आणि ते हातचं न राखता सांगते. सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली. 1987 ते 2020 या काळात तिथल्या भू-अनुदानित (शेती आणि तंत्रशिक्षणासाठी केंद्राच्या कायद्याने मदत मिळणाऱ्या) कृष्णवर्णीय विद्यापीठांना, त्याच राज्यातल्या गोऱ्यांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या मानाने, एकूण 12 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कमी मिळाली, असा त्यांचा हिशोब. एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचे 2.1 अब्ज. ही रक्कम कुठल्याही शिबिराने भरून निघणार नाही, आणि भरून निघते असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवावं.

पण मेरीलँडचं उदाहरण घ्या. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या चार कॉलेजांच्या बाजूने 2006 मध्ये दाखल झालेला खटला 2021 मध्ये मिटला, राज्याने 57 कोटी 70 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. भांडणाचं एक मूळ असं की त्या चारांपैकी मॉर्गन स्टेटमध्ये जे अभ्यासक्रम चालत होते, तेच शेजारच्या विद्यापीठांना काढू दिले गेले आणि विद्यार्थी तिकडे वळले. मिळालेले पैसे शिष्यवृत्त्या, प्राध्यापकांच्या नेमणुका नि विकास, आणि अभ्यासक्रमांची वाढ यांवर खर्च करायचे आहेत. मग कुठला अभ्यासक्रम वाढवायचा, जीवशास्त्राला माणूस घ्यायचा की उपकरण, उपकरण घेतलं तर ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार कुठून द्यायचा, हे कोण ठरवणार? तीस-पस्तिशीतल्या सहायक प्राध्यापकाला आजच हे कळायला लागलं नाही तर पैसा येईल आणि निर्णय दुसरेच घेतील.

एक गोष्ट जवळून दाखवते. या कॉलेजांपैकी अनेक ठिकाणी सत्राला चार विषय शिकवावे लागतात, शिवाय प्रॅक्टिकल, शिवाय विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन. एनएसएफचं (विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचं) ‘करिअर’ अनुदान टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, मिळायच्या आधीच मागता येतं, आणि फक्त तीनदा. प्रस्तावासोबत विभागप्रमुखाचं पत्र लागतं. त्या पत्रात विभाग काय पाठबळ देणार ते लिहायचं असतं. अनुभवी विद्यापीठातला तरुण हे पत्र कोरं घेत नाही. आधी जाऊन बसतो, एका विषयातून सूट मागतो, त्या विषयाला तात्पुरता शिक्षक कोण आणि त्याचं मानधन कुठून हे स्वतःच सुचवतो, डीनची संमती मिळवतो, मग पत्र लिहून घेतो. हे सगळं त्याला त्याच्या गाइडने चहा पिता पिता सांगितलेलं असतं. छोट्या कॉलेजात एकट्याच भौतिकशास्त्रज्ञाला हे सांगणारं शेजारच्या खोलीत कुणी नसतं. तो रात्री जागून उत्तम विज्ञान लिहितो, आणि पत्र येतं तीन ओळींचं, सदिच्छांचं. तीनातली एक संधी गेली.

हे शिकवता येतं. प्रोजेक्ट कॅलिडोस्कोप ही चळवळ 1989 पासून पदवी पातळीवरचं विज्ञानशिक्षण सुधारण्याचं काम करते आहे, तिच्या उन्हाळी नेतृत्व वर्गांना विज्ञानाचे तरुण प्राध्यापक जातात. मला पटतं ते असं शिबिर, जिथे माणूस आपल्याच विभागातला अडलेला प्रश्न घेऊन जातो, अंदाजपत्रक उलगडून बसतो, आणि परत आल्यावर वर्षभर फोन उचलणारा ज्येष्ठ त्याला मिळतो. स्वभावचाचण्या, टाळ्या नि घोषवाक्यं असलेल्या शिबिरांबद्दल तुमचा राग रास्त आहे. त्या प्रकाराचा मी पुरस्कार केलेला नाही, करणारही नाही.

‘आपल्याकडच्या कॉलेजांवर लिहा’ असंही तुम्ही सुचवलंत. लिहीन, पण स्वतंत्र. अमेरिकेतल्या या कॉलेजांचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आपल्या तुलनेसाठी वापरून सोडून द्यावा एवढा लहान नाही.

राहिला तास कोण घेणार हा प्रश्न. तुमच्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रश्न हाच, कारण तो वर्गात उभं राहिलेल्या माणसालाच सुचतो. ते तास सहकाऱ्याच्या डोक्यावर टाकून प्राध्यापक शिबिराला जात असेल तर ते नेतृत्वशिक्षण सहकाऱ्याच्या घामावर चाललंय, आणि या कॉलेजांत तो सहकारी बहुधा एखादी कृष्णवर्णीय प्राध्यापिका असते, जिच्या दाराशी आधीच विद्यार्थ्यांची रांग असते. म्हणून बदली शिक्षकाचं मानधन हे अशा कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकातलं पहिलं कलम असलं पाहिजे, प्रवासखर्चाच्याही आधी. शिबिरं उन्हाळ्यात घ्यावीत, पण उन्हाळ्याचा पगार बहुतेकांना मिळत नाही, तेव्हा त्या दिवसांचे पैसेही द्यावेत. मागच्या लेखात मी यावर एकच ओळ लिहिली होती; तुमच्या प्रश्नामुळे आज ते सविस्तर मांडता आलं. अशा कार्यक्रमांच्या अंदाजपत्रकात आणखी कुठली कलमं हवीत, हे तुमच्या अनुभवातून लिहाल का? मी ती पुढच्या लेखात घेईन.