जोडीने बसणारे सेल

काल भर दुपारी ग्रँट रोडला उतरून घामाघूम होत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलो, चार दिवसांत दुसऱ्यांदा, रिचार्जेबल सेलचा नवा चार्जर चालतच नाही म्हणून भांडायला. दुकानदाराने चार्जर हातातही न घेता विचारलं, "एक ही सेल डाला क्या?" हो म्हटलं. "जोडी में डालो साब, अकेला चार्ज नहीं होता." काउंटरवरची सगळी गर्दी हसली. म्हणजे सत्यनारायणाला बसल्यासारखे सेलही जोडीनेच बसणार. माझ्या माउसला लागतो एकच सेल, त्याने आता आधी लग्न करायचं का? खोक्यावर लिहिलंय म्हणे. लिहिलंय, मुंगीच्या अक्षरात.

पण खरा राग त्या काकांवर आहे. पहिल्या खेपेला मी अभ्यास करून गेलेलो. आईच्या बीपी मशीनला चार पेन्सिल सेल लागतात, सारखे मान टाकतात, म्हणून रिचार्जेबल, आणि एकेक सेल वेगळा चार्ज करून आपोआप थांबणारा चार्जर. दुकानदाराने तो काढूनही ठेवला होता. तेवढ्यात शेजारचे काका, ओळख ना पाळख, "किती एमएएच?" म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो ते. २०००, म्हटलं. "अहो बाहेर फुटपाथवर ४८०० चे मिळतायत, निम्म्या भावात!" मी सांगितलं, काका, या साइझच्या निकेलवाल्या सेलमध्ये अडीच-पावणेतीन हजारांच्या वर मावत नाही, ४८०० फक्त वेष्टणावर. "मग छापलंय ते काय खोटं?"

मग त्यांनी चष्मा वर करून माझा सेल वाचला. "१.२ व्होल्ट? दीड पाहिजे. तीस पैसे कमी घेताय." म्हटलं, साधा सेल दीडपासून सुरू होऊन घसरत जातो, हा जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकतो. "म्हणजे आधीपासूनच उतरलेला!" आणि सेल काचेवर उभा आपटला. टुण. "बघा, उडतोय. मेलेला सेल उडतो, व्हॉट्सॲपवर आलं होतं." आता संपलेला अल्कलाइन, म्हणजे एकदाच वापरायचा, सेल उडतो हे खरं, पण हा अल्कलाइन नाही हे कोण सांगणार, ते एव्हाना ट्रान्झिस्टरचे सेल गच्चीवर उन्हात ठेवण्यापर्यंत पोचले होते. शेवटी त्यांनीच दुकानदाराला फर्मावलं, "यांना तो साधा चार्जर दे, महागडा कशाला." आणि मी घेतला! भीड भिकेची बहीण. स्वतः काकांनी घड्याळासाठी एक साधा सेल घेतला, त्यातही दोन रुपये कमी केले, आणि घड्याळाला तोच योग्य असतो हे जास्त झोंबलं.

बदलून मिळणार नाही, पॅकेट फाडलंय ना. या चार्जरला आपोआप बंद होणंही माहीत नाही, लाल दिवा सेल भरला तरी लालच. २०० मिलिअँप करंटने २००० एमएएचचा सेल भरायला बारा-तेरा तास, ते घड्याळ लावून मोजायचे. रात्री साडेआठला जोडी बसवली की सकाळी साडेनऊला उठवायची, अर्धा भरलेला आणि पूर्ण रिकामा एकत्र बसवायचे नाहीत, पत्रिकाच जुळवा की सरळ.

आईला हे सगळं तावातावाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण उन्हात ठेवले की चालायचे हां, ते खरंय."