घाटाला एकच ओळ?
नव्या चालकांच्या पहिल्या लांबच्या प्रवासासाठी दिलेली यादी चांगली आहे, पण कोकणात उतरणाऱ्यांना त्यात घाटाबद्दल एवढी एकच ओळ? ताम्हिणी घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे महाभाग अजून दिसतात. ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्यातच उतरायचं, बहुधा दुसऱ्या. मग इंजिनच गाडी आवरतं. नुसत्या ब्रेकवर राहिलात तर ते तापून लागेनासे होतात. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. धुक्यात लो बीम लावा, हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. हवा टायर थंड असतानाच तपासा, स्टेपनीतलीही (ती कुणी बघतच नाही). वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, निघण्याआधी चौकशी करा.