मुंबईचं चित्र एकट्या हिंदी सिनेमानं काढलेलं नाही

गोव्यातल्या मराठी वाचकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं सार असं: मुंबई लोकांना दाखवली ती हिंदी सिनेमानं, मराठी लेखक चाळीच्या जिन्यातच अडकले, आणि गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, त्या चित्रात असलाच तर हातात बाटली घेऊन झिंगणारा. तिन्ही दावे चूक आहेत. त्याहून वाईट हे, की आपलीच माणसं माना डोलावून तो पुढे पाठवताहेत.

आधी सनावळी पाहू. मुंबईत पहिला सिनेमा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, वॉटसन हॉटेलात. त्याच्या तेहतीस वर्षं आधी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ छापून झालं होतं. माडगांवकर जन्मले गोव्यात, लहानपणी आईवडिलांबरोबर मुंबईला गेले. शहरात कोणकोणत्या जातीजमाती राहतात, बाजारात काय काय मिळतं, देवळं कुठे, शाळा कुठे, धंदे कोणते, हे सगळं त्यांनी मराठीत लिहून ठेवलं. मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही आजही या पुस्तकाकडे यावं लागतं. ते गोव्याच्या माणसानं लिहिलंय, हे मात्र गोव्यात फार थोड्यांना ठाऊक आहे.

चाळीचं म्हणाल तर चाळ आहेच. लाखो माणसं तिथं राहत होती, त्यांना वगळून कुठली मुंबई काढायची? पण मराठी लेखक तेवढ्यावर थांबले नाहीत. मर्ढेकरांनी माघातल्या सकाळी उजळणारं बंदर पाहिलं. सुर्व्यांनी गिरणी कामगार कवितेत आणला. भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’नं १९६५ साली नाक्यावरची पोरं त्यांच्याच भाषेत बोलती केली, आणि केवढा गदारोळ झाला! ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह तर कामाठीपुऱ्याच्या वेश्यावस्तीच्या पोटातून आला. त्याची प्रस्तावना लिहिण्याआधी विजय तेंडुलकर ढसाळांबरोबर ती वस्ती हिंडले होते. त्या काळच्या कुठल्या हिंदी चित्रपटानं त्या गल्ल्या इतक्या जवळून दाखवल्या?

राहिला गोंयकार. पडद्यावर त्याला दारुडा केला गेला, हे खरंच आहे आणि त्याचा राग यायलाच हवा. पण पडद्यामागे बघा. मुंबईच्या स्टुडिओंत वादक आणि अरेंजर (गाण्याचा वाद्यमेळ रचणारे) म्हणून गोंयकार भरलेले होते. शंकर-जयकिशन यांची गाणी ऐकताना जो भरघोस वाद्यमेळ कानावर येतो, त्यामागे सेबॅस्टियन डिसोझांची मेहनत आहे. ‘अमर अकबर अँथनी’तलं ‘अँथनी गोन्साल्विस’ हे नाव गोव्यातल्या माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादकाचं. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य.

सिनेमाच कशाला? तियात्राचा, म्हणजे गोव्याच्या कोंकणी संगीत नाटकाचा, पहिला प्रयोग १८९२ साली झाला तो गोव्यात नव्हे, मुंबईत.

आणि गोव्यातल्या लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा! खचाखच माणसं, प्रत्येकाचा चेहरा निराळा, मधेच एखादं कुत्रं: मुंबई म्हटलं की कितीतरी जणांच्या डोळ्यांसमोर हीच चित्रं येतात. कुलाब्यातल्या कॅफे मोंडेगारच्या भिंतीही त्यांच्याच चित्रांनी भरल्यात. हिंदी सिनेमाची नटीसुद्धा त्यांनी ‘मिस निंबूपानी’ म्हणून कागदावर आणली. लोटलीचं त्यांचं घर पाहायला आपण ज्या पोरांना नेतो, त्यांना मारियोंची ही मुंबईही दाखवायला हवी.