पार्ट बदलण्याआधी तीन टाक्या मोजा

माझी गाडी लिटरला १६ किलोमीटर द्यायची, ती हळूहळू १३ वर आली. गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी प्लग बदलले, मग एअर फिल्टर, मग इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले, शेवटी धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सरही नवा बसवला. ॲव्हरेज १३ चं १३. या सगळ्यात कुणी एकदाही काही मोजलं नव्हतं, मीसुद्धा नाही. "हे बदलून बघू" म्हणायचं आणि बिल द्यायचं. अशा हकिकती मी इतक्या जणांकडून ऐकते की आज सविस्तर लिहायचं ठरवलं. गाडी पेट्रोल जास्त पिते हे फक्त लक्षण आहे, आणि त्याची कारणं एकमेकांपासून फार लांबची असतात.

पहिलं काम म्हणजे ॲव्हरेज खरंच पडलंय का ते बघणं. डॅशबोर्डवरचा आकडा हा गाडीच्या कॉम्प्युटरचा हिशेब असतो. इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून तो काढतात. इंजेक्टर बंद असतानाही ठिबकत असेल तर ते पेट्रोल त्या हिशेबात येतच नाही. म्हणून नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, तीनचारशे किलोमीटर चालवा, त्याच पंपावर तशीच पुन्हा भरा आणि भागाकार करा. असं तीन वेळा करायचं, कारण एका टाकीवर विश्वास ठेवता येत नाही. मधल्या काळात मोठ्या घेराचे टायर बसवले असतील तर ओडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि काही बिघाड नसताना ॲव्हरेज पडल्यासारखं दिसतं.

आकडा खरोखर पडला असेल तर प्रश्न दोनच उरतात. इंजिन पेट्रोल चुकीच्या प्रमाणात जाळतंय, की बरोबर जाळतंय पण त्याला ओढावं लागणारं ओझं वाढलंय? हा फरक आधी कळला तर निम्मा खर्च वाचतो, आणि तो कळायला साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले आकडे वाचणारं यंत्र, पुरतो. त्यात 'लाँग टर्म फ्यूल ट्रिम' नावाचा आकडा दिसतो. पेट्रोलच्या १ भागाला हवेचे साधारण १४.७ भाग (वजनाने) हे प्रमाण राखण्यासाठी कॉम्प्युटर मूळ हिशेबात किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा सांगतो. तो शून्याच्या आसपास असावा. अधिक किंवा उणे १० च्या पलीकडे गेला तर शोध घ्यायचा. बराच उणे असेल तर पेट्रोल कुठून तरी जास्त येतंय: ठिबकणारा इंजेक्टर, वाढलेलं फ्यूल प्रेशर, उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप). बराच अधिक असेल तर हवा मोजणारा सेन्सर मळलेला असू शकतो किंवा त्या सेन्सरला चुकवून मधूनच हवा आत शिरत असेल. ट्रिम अधिक आणि प्लग मात्र काळेकुट्ट, असं दिसलं तर ऑक्सिजन सेन्सरच खोटं सांगत असण्याची शक्यता मोठी. सेन्सर बदलायचा निर्णय अशा पुराव्यावर घ्यायला हवा.

माझ्या गाडीचा ट्रिम शून्याजवळ होता. म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बदलण्याचं काहीच कारण नव्हतं. त्याच स्कॅनरवर कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान बघितलं. मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास चालवूनही ते ६५ अंशांच्या वर जाईना, एरवी ते ९० च्या आसपास हवं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडाच अडकला होता. त्यामुळे कूलंट सतत रेडिएटरमधून फिरत होतं आणि इंजिनाला तापूच देत नव्हतं. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर थोडं जास्तच सोडतो. ऑइलही दाट राहतं, घर्षण वाढतं. हल्ली कितीतरी गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, त्यामुळे हा बिघाड महिनोन्‌महिने कळत नाही. थर्मोस्टॅट बदलल्यावर तीन टाक्यांची सरासरी १५.७ आली.

एअर फिल्टरबद्दल मुद्दाम सांगते. कार्ब्युरेटरच्या काळात तुंबलेला फिल्टर ॲव्हरेज खायचा. आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत हवा कमी आली तर पेट्रोलही त्याच मापाने कमी सोडलं जातं. गाडीचा जोर कमी होतो, ॲव्हरेजला फारसा धक्का बसत नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण त्याने दोन किलोमीटर वाढतील ही आशा ठेवू नका. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचतं हेही तसंच. गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर बंद होतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं. शिवाय ते धोक्याचं.

ट्रिम ठीक, तापमान ठीक, तरी ॲव्हरेज नाही, असं असेल तर बोनेट बंद करून चाकांकडे जा. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासा. क्लच घसरतोय का, म्हणजे आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, ते बघा. छतावर रिकामा कॅरिअर असेल तर उतरवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो.

आणि ब्रेक. माझ्या मावशीच्या गाडीचं इंजिन दोनदा तपासून झालं होतं, काही सापडलं नव्हतं. एकदा लांबून आल्यावर आम्ही चारही चाकांजवळ हात नेला, रिमला न लावता. पुढच्या डाव्या चाकाची धग लांबूनच जाणवत होती. सपाट जागेवर बाकीच्या चाकांना अडण लावून ते जॅकवर उचललं, खाली स्टँड दिला, न्यूट्रलमध्ये हाताने फिरवलं, तर पाऊण फेराही होईना. ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या होत्या, ब्रेक पॅड डिस्कला सतत घासत होता. पिना काढून साफ केल्या, योग्य ते ग्रीस लावून परत बसवल्या. नवा पार्ट एकही लागला नाही.