शेअर हँडल आणि थ्रेड : फोंड्याच्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा : लिबकर्लमध्ये (प्रोग्रामला नेटवरून डेटा पाठवायला-आणायला लागणारी लायब्ररी) लॉक-अनलॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी, दोन फंक्शनं नीट लिहिली की शेअर हँडलमधून (डेटा वाटून वापरायची तिची सोय) कनेक्शनंसुद्धा थ्रेडांमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांमध्ये, वाटता येतात, सत्तरी तालुक्यातल्या दूध केंद्रांचे आकडे पणजीला पाठवणारा तुमचा प्रोग्राम अख्खा पावसाळा तसाच चालला आणि मी लोकांना उगाच घाबरवतो.

प्रोग्राम चालला यावर माझा विश्वास आहे. तरीही माझं म्हणणं कायम आहे. समांतर चालणाऱ्या थ्रेडांमध्ये कनेक्शनं वाटणं समर्थित नाही, असं लिबकर्लच्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिलंय. कनेक्शन वाटायची सोय लिबकर्लच्या 7.57.0 आवृत्तीत आली, ती या अटीसकट वापरायची. लॉक राखतो तो कनेक्शनांचा साठा, म्हणजे यादीतून कनेक्शन उचलणं आणि परत ठेवणं. पण कनेक्शनच्या पोटात सॉकेट (जोडणीचं टोक) असतो, टीएलएसची (जोडणीच्या कूटबद्धीकरणाची) अवस्था असते, एचटीटीपी/2 (वेबच्या प्रोटोकॉलची आवृत्ती) असेल तर एकाच वेळी अनेक प्रवाह असतात. तिथे दोन थ्रेड पोचले तर तुमचं फंक्शन मध्ये येतच नाही. अशी चूक वर्षभर दडून राहते आणि नेमकी गर्दीच्या संध्याकाळी वर येते.

शिवाय तुम्ही सगळ्यासाठी एकच म्युटेक्स (लॉक) वापरलाय. प्रत्येक प्रकारच्या डेटाला वेगळा लॉक हवा. एक लॉक हातात असताना लिबकर्लने दुसरा मागितला तर तुमचा थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसेल.

वेगाची तुमची तळमळ मात्र अगदी रास्त आहे. वाळपईकडे पावसात लाइन मंदावली की सर्व्हरपर्यंत जाऊन येणारी प्रत्येक फेरी जाणवते. नवं कनेक्शन म्हणजे नाव शोधायची एक फेरी, टीसीपीची (जोडणी उभारायची) एक आणि टीएलएस 1.2 असेल तर आणखी दोन (1.3 मध्ये एक). पण या फेऱ्या वाचवायला थ्रेडांमध्ये कनेक्शन वाटायची गरज नाही. तुमच्या कोडमध्ये प्रत्येक विनंतीला नवा इझी हँडल (लिबकर्लमध्ये विनंती चालवणारी वस्तू) बनतो आणि लगेच मोडला जातो; शेअर हँडल काढला की त्याच्याबरोबर उघडी कनेक्शनंही जातील. प्रत्येक थ्रेडला त्याचा एक हँडल द्या आणि तोच पुन्हा पुन्हा वापरा. किंवा थ्रेड सोडून मल्टी इंटरफेस (एकाच थ्रेडमधून अनेक विनंत्या एकदम चालवायची लिबकर्लची सोय) घ्या : त्यातले सगळे हँडल कनेक्शनं, डीएनएस (नावावरून शोधलेले पत्ते) आणि टीएलएस सेशन आपोआप वाटून घेतात. तुमच्या कामाला मी हाच मार्ग निवडेन.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. सेटिंग बदललं नसेल तर डीएनएसची नोंद 60 सेकंद टिकते आणि 118 सेकंदांहून जास्त पडून राहिलेलं कनेक्शन पुन्हा वापरलं जात नाही. त्यामुळे दर दहा मिनिटांनी एकच आकडा पाठवणाऱ्या केंद्राला यातून फारसं काही मिळणार नाही. संध्याकाळी सगळी केंद्रं एकदम पाठवतात तेव्हा फरक पडेल.

बदल केल्यावर व्हर्बोज (सविस्तर नोंदींचा पर्याय) चालू करून लॉग बघा. जुनं कनेक्शन पुन्हा वापरल्याची ओळ विनंतीगणिक दिसते का, ते इथेच कळवा.