पाटी वाचून जीप ओळखणाऱ्यांसाठी

जुन्या लष्करी जीपचा फोटो दिसला की त्याखाली एक ठरलेला मजकूर येतोच : "पुढे नऊ खाचांची जाळी, बोल्टवर एफ, डॅशबोर्डवर पाटी आणि इंजिन-चासीचे नंबर सारखे, म्हणजे गाडी अस्सल दुसऱ्या महायुद्धातली." हा मजकूर वाचून लोक पैसे मोजतात, म्हणून हे लिहितोय.

महायुद्धातल्या या जीप विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी बनवल्या; विलीजच्या मॉडेलचं नाव एमबी, फोर्डच्या मॉडेलचं जीपीडब्ल्यू. आधी जाळीचंच बघा. विलीजच्या पहिल्या एमबी गाड्यांना, म्हणजे 1942 च्या सुरुवातीपर्यंत, पट्ट्या वेल्ड केलेली जाळी होती. अशा सुमारे 25 हजार गाड्या निघाल्या. प्रेसमध्ये दाबून काढलेली नऊ खाचांची जाळी ही फोर्डची कल्पना, विलीजने ती नंतर घेतली. पुढे फ्रान्सच्या हॉचकिसने 1960 च्या दशकातही तशाच तोंडाची एम-201 बनवली. थोडक्यात, या कसोटीवर सगळ्यात दुर्मिळ एमबी नापास आणि युद्धानंतर जन्मलेली गाडी पास!

एफचा शिक्का फोर्डचाच, यात वाद नाही. पण फोर्डची जीपीडब्ल्यू आणि विलीजची एमबी यांचे भाग एकमेकींना बसतात, आणि लष्करी वर्कशॉपमध्ये हाताला आला तो बोल्ट लागला. एफवाले नवे बोल्ट आजही मिळतात. तो एफ त्या बोल्टबद्दल सांगतो, गाडीबद्दल नाही. पाटीचं तर बोलायलाच नको. कोऱ्या पाट्या विकत मिळतात, नंबर घरी ठोकता येतो.

खरा घोळ नंबरांचा आहे. फोर्डने इंजिन आणि चासीवर एकच नंबर ठोकला. विलीजचे दोन्ही नंबर मात्र कारखान्यातूनच वेगळे निघाले. त्यामुळे एखादा मालक विलीजचे तंतोतंत जुळणारे नंबर कौतुकाने दाखवायला लागला, की मी तरी सावध होतो. उलट फोर्डच्या चासीवर दुसरंच इंजिन असेल तर लगेच नकली म्हणू नका. दुरुस्तीत इंजिनं सर्रास बदलली जायची. बॉडीचंही तसंच. 1944 पासून दोघांच्या गाड्यांवर मिश्र खुणांची एकच बॉडी चढू लागली, त्यामुळे सरमिसळ म्हणजे लबाडी, हे गणितही चुकतं.

बघायची ती चासी. बंपरमागे, रेडिएटरखाली चासीच्या दोन्ही बाजू जोडणारा जो पुढचा आडवा दांडा (क्रॉस मेंबर) असतो, तो विलीजला गोल नळीचा आणि फोर्डला उलट्या यू आकाराचा. फोर्डचा नंबर चासीच्या डाव्या दांड्याच्या वरच्या बाजूला, इंजिन जिथे टेकतं त्या माउंटजवळ ठोकलेला असतो. विलीजचा नंबर चासीच्या आतल्या अंगाला रिवेटने मारलेल्या छोट्या पट्टीवर असतो. ती पट्टी हरवलेली असणं नेहमीचं. फोर्डच्या नंबरावरचा रंग थिनरने काढा, कानस लावू नका. टॉर्च आडवी धरा. आकड्यांभोवती ग्राइंडरचे ओरखडे किंवा बाजूच्या पत्र्यापेक्षा खोलगट भाग दिसला, तर जुना नंबर घासून नवा ठोकलाय असं समजा. कागद ठेवून पेन्सिल घासली की डोळ्यांना न दिसणारा अर्धवट आकडाही कधीकधी उमटतो.

एकदा अशाच एका 'फोर्ड'खाली मी पाठीवर झोपलो होतो. वर मालक पाटीवरची तारीख मोठ्याने वाचून दाखवत होते, आणि माझ्या नाकासमोर गोल नळी होती.